गाडीचे पाणी जाते तरी कुठे?

आपल्या वस्त्यांमध्ये गाडीच्या धंद्याशी संबंध नाही अशी घरे थोडीच सापडतील. कुणाचा मुलगा ट्रकवर ड्रायव्हर आहे, कुणाचा जावई टेम्पो चालवतो, कुणाचा भाचा गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली पाने द्यायला उभा असतो. गाडी चालली तर चूल पेटते आणि गाडी उभी राहिली की हप्ता थकतो, हे या घरांतल्या बायामाणसांना सांगावे लागत नाही. म्हणून या वेळी कुटुंबाच्या पानावर आम्ही एका जुन्या ट्रकच्या दुखण्याची हकिकत सांगणार आहोत. दुखणे लहान होते. पण ते नेमके कुठे आहे हे न शोधता आम्ही औषधाला धावलो असतो, तर घरातली वर्षभराची शिल्लक गेली असती.

गोष्ट २०१२ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली. आमच्या थोरल्या बंधूंनी २००९ साली पतसंस्थेचे कर्ज काढून एक जुना सहाचाकी ट्रक घेतला होता. आधीचा मालक पंजाबकडचा. त्याची गाडी काश्मीरला जात असे, म्हणून त्याने केबिनमध्ये हीटर बसवून घेतलेला. आपल्या नाशिकच्या हवेत त्या हीटरचे कौतुक कुणाला? तीन वर्षे तो डॅशबोर्डाखाली नुसता पडून होता. पण त्या नोव्हेंबरात दादांना लासलगावचा कांदा काश्मीरला पोहोचवून येताना सफरचंद आणायचे भाडे मिळाले, आणि हीटर कामाला लागला. निघण्यापूर्वी कुणीतरी सांगितले म्हणून दादांनी रेडिएटरमध्ये निम्मे पाणी आणि निम्मे हिरवे कूलंट भरून घेतले होते. ती गोष्ट मात्र शहाणपणाची झाली.

जम्मू सोडून गाडी रामबनच्या वर चढू लागली तेव्हा रात्र झाली होती. हीटर लावला आणि थोड्याच वेळात पुढची काच आतून धुरकट होऊ लागली. क्लीनर फडक्याने पुसायचा, पण काच स्वच्छ होण्याऐवजी तेलकट फराटे उमटायचे. केबिनमध्ये गोडसर वास येत होता. क्लीनरच्या पायाखालचे मॅट ओले झाले होते. बुटांबरोबर बर्फ आत आला असेल असे दोघांना वाटले. बनिहालचा जवाहर बोगदा ओलांडून काझीगुंडला गाडी थांबवली, सकाळी रेडिएटर पाहिला तर पाणी चांगलेच उतरलेले. तिथून परत नाशिकरोडला येईपर्यंत दर तीनशे किलोमीटरला दोन-अडीच लिटर पाणी घालावे लागत होते. वाटेत एका ढाब्यावर कुणीतरी जुना इलाज सांगितला आणि दादांनी रेडिएटरमध्ये पुडीभर हळदही टाकली. तिचा प्रताप पुढे कळला.

'इंजिनच पाणी पितंय!'

घरी आल्यावर गाडी गॅरेजला नेली. तिथल्या मिस्त्रीने खाली वाकून पाहिले. जमिनीवर एक थेंब नाही. मग त्यांनी निकाल दिला, "खाली गळत नाही म्हणजे इंजिनच पाणी पितंय. हेड गॅस्केट गेलं. हेड उतरवायला लागेल." खर्च सांगितला बावीस हजार. शिवाय आठ दिवस गाडी उभी. मिस्त्रीने आम्हाला फसवायचे ठरवले होते असे आम्ही म्हणत नाही. जुन्या गाडीत हेड गॅस्केट जातेच, आणि ते गेले की पाणी खरोखरच इंजिनात जाते. पण पाणी जमिनीवर दिसत नाही, एवढ्यावरून ते इंजिनातच जाते असे ठरत नाही. जमीन आणि इंजिन यांच्याखेरीज पाण्याला जायला तिसरीही जागा होती. ती आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आली नाही.

बावीस हजार रुपये घरात होते, नाही असे नाही. आमची पुतणी तेव्हा बारावीला होती. पुढच्या जूनमध्ये तिला नर्सिंगला घालायचे म्हणून वहिनींनी ते पै-पै करून बाजूला ठेवले होते. दादा रात्री जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "पोरीचं पुढच्या वर्षी बघू."

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या केबिन झाडायला गेल्या. काश्मीरची फेरी करून आलेल्या गाडीत आठवड्याची घाण होती. मॅट काढून त्यांनी नळाखाली धुतले, उन्हात टाकले. संध्याकाळी उचलायला गेल्या तर ते वाळले होते, पण हाताला चिकट लागत होते. पुन्हा धुतले आणि गाडीत टाकले. दुसऱ्या दिवशी गाडी जवळच्याच फेरीला जाऊन आली, तर मॅट पुन्हा ओले. नाशिकमध्ये कुठला आला बर्फ?

आमच्या वस्तीत एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. वहिनी ते मॅट घेऊन थेट त्यांच्या ओट्यावर गेल्या. "काका, पाण्यानं ओलं झालेलं वाळलं की कोरडं होतं. हे पाक सांडून पुसल्यासारखं चिकट का लागतंय?"

काकांनी मॅटवरून बोट फिरवले, दोन बोटांत चोळून पाहिले, हुंगले. म्हणाले, "सूनबाई, दुखणं तुम्हीच शोधलंत. गाडीला सांगा, हेडला हात लावायचा नाही. रविवारी मी येतो."

हीटर म्हणजे दुसरा रेडिएटर

रविवारी काकांनी आधी आम्हा सर्वांना समोर बसवून समजावून सांगितले. ते असे.

इंजिन तापते. त्याला थंड ठेवण्यासाठी पंप त्याच्याभोवती पाणी फिरवतो. तापलेले पाणी पुढे रेडिएटरमध्ये जाते, हवेने निवते आणि परत इंजिनात येते. जुन्या गाडीतला हीटर याच पाण्यावर चालतो. इंजिनातून एक होज पाइप गरम पाणी घेऊन केबिनमध्ये येतो, डॅशबोर्डाखालच्या पेटीत एक छोटा रेडिएटर असतो त्यातून पाणी फिरते, आणि दुसऱ्या पाइपने ते इंजिनाकडे परत जाते. पेटीतला पंखा त्या छोट्या रेडिएटरवरून हवा सोडतो, ती गरम होऊन पायाशी आणि काचेवर येते. म्हणजे हीटरला वेगळे इंधन लागत नाही, इंजिनाची वाया जाणारी उष्णताच तो वापरतो.

आता हा छोटा रेडिएटर फुटला तर पाणी कुठे जाईल? जमिनीवर नाही, केबिनमध्ये. थोडे मॅटवर टपकेल, थोडे वाफ होऊन काचेवर बसेल. कूलंटमध्ये ग्लायकॉल नावाचे द्रव्य असते. त्याचा वास गोडसर, स्पर्श तेलकट. काचेवरचे तेलकट फराटे, मॅटचा चिकटपणा आणि केबिनमधला वास या तिन्ही खुणा एकाच घराकडे बोट दाखवत होत्या. दारे-खिडक्यांच्या रबरातून पावसाचे पाणी आत आले तर मॅट ओले होते, पण चिकट होत नाही. हा फरक बोटाने कळतो. जिभेला मात्र लावून पाहायचा नाही. कारण पुढे सांगतो.

घाईने नको, क्रमाने

"खुणा दिसल्या म्हणून हीटर काढायला धावायचं नाही," काका म्हणाले. "आधी बाकीच्या जागा तपासून बाजूला काढायच्या." त्यांनी त्या दिवशी जे केले ते आम्ही क्रमाने देतो.

गाडी रात्रभर उभी होती, इंजिन पूर्ण थंड होते. रेडिएटरचे झाकण उघडून काकांनी पाणी खुणेपर्यंत भरले आणि पुतणीला एका वहीत तारीख, किलोमीटर आणि किती पाणी घातले हे लिहायला लावले. अंदाजाने 'पाणी फार जातं' म्हणणे वेगळे आणि वहीत आकडा असणे वेगळे.

आदल्या रात्री त्यांनी इंजिनाखाली खोक्याचे पुठ्ठे पसरायला सांगितले होते. पुठ्ठ्यावर थेंब पडला तर त्याचा डाग राहतो, आणि डाग कुठे आहे त्यावरून वर कुठे पाहायचे ते कळते. पुठ्ठे कोरडे निघाले.

मग बाहेरची तपासणी. सगळे होज पाइप दाबून पाहिले. फार मऊ पडलेला किंवा कडक होऊन चिरलेला पाइप बदलायचा. क्लिपांच्या जागी पांढरा किंवा हिरवा थर साचला असेल, तर तिथून कूलंट झिरपून वाळलेले असते. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असते, पंपाचे सील गेले की त्यातून पाणी येते. तेही कोरडे होते.

त्यानंतर मिस्त्रीच्या संशयाची तपासणी. हेड गॅस्केट गेले असेल तर इंजिनाचे ऑइल पाण्याशी मिसळून दुधाच्या चहासारखे दिसते, ऑइलची पातळी आपोआप वाढते, झाकण काढून इंजिन सुरू केले तर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहतात, आणि इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो. थंडीच्या सकाळी सुरुवातीला थोडी वाफ येतेच, ती धरायची नाही. ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढुरका थर दिसला तरी तेवढ्याने घाबरायचे नाही, तो दमटपणामुळेही धरतो. पट्टीवरचे ऑइल पाहायचे. आमच्या गाडीचे ऑइल काळे, स्वच्छ, खुणेवर होते. बुडबुडे नव्हते, धूर नव्हता.

मग काकांनी रेडिएटरवाल्याकडून पन्नास रुपये भाड्याने प्रेशर तपासायचा हातपंप आणला. तो झाकणाच्या जागी बसवून हवा भरायची, झाकणावर छापलेल्या आकड्याइतकीच, त्याहून जास्त नाही, आणि काट्याकडे पाहत राहायचे. सगळे ठीक असेल तर काटा जागचा हलत नाही. आमचा काटा हळूहळू खाली येऊ लागला. बाहेर कुठेही थेंब नव्हता. काकांनी सर्वांना गप्प केले आणि वहिनींना केबिनमध्ये वाकून ऐकायला सांगितले. पेटीतून टप्... टप् आवाज येत होता. मॅटच्या जागी ठेवलेल्या पुठ्ठ्यावर हिरवट डाग पडला होता.

खात्रीचा शेवटचा पुरावा

एवढे झाल्यावरही काकांनी एक परीक्षा घेतली, आणि आमच्या मते सर्वांत उपयोगाची तीच. इंजिनाकडून हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप त्यांनी इंजिनाच्या बाजूने काढले आणि त्यांच्या जागी एकच आखूड पाइप वळवून दोन्ही तोंडांवर क्लिपांनी घट्ट बसवला. म्हणजे हीटर पाण्याच्या फेऱ्यातून बाहेर. पाणी पुन्हा खुणेपर्यंत भरले आणि दादांना चार दिवस गाडी चालवायला सांगितली. पुतणीच्या वहीत नोंद आहे: सहाशे दहा किलोमीटर, पाणी घातले शून्य.

नुसता हीटरचा कॉक बंद करून ही परीक्षा होत नाही. कॉक बहुधा येणाऱ्या पाइपावरच असतो, परतीच्या बाजूने पाणी हीटरमध्ये राहतेच आणि गळतच राहते. दोन्ही पाइप बाजूला केले तरच उत्तर पक्के मिळते. रस्त्यात कधी असा प्रसंग आला तरी गाडी थंड करून हाच उपाय करावा आणि पुढच्या मुक्कामाला जावे.

पुढचे काम सोपे होते. पेटी खोलून छोटा रेडिएटर बाहेर काढला. एका बाजूचे तोंड बंद करून, दुसरीकडून पंक्चरवाल्याकडची हवा अगदी हलकी सोडून तो पाण्याच्या टबात बुडवला. ट्यूबचे पंक्चर शोधतात तसेच. पाइप जिथे जोडला होता त्या कोपऱ्यातून बुडबुडे आले. रेडिएटर पितळ-तांब्याचा होता म्हणून रेडिएटरवाल्याने झाळ मारून तो दुरुस्त केला. ॲल्युमिनियमचा असता तर नवाच घ्यावा लागला असता. आतल्या निम्म्या नळ्या मात्र पिवळ्या चिखलाने तुंबल्या होत्या. ती दादांची हळद! हळद भोक बुजवते खरी, पण कोणते भोक बुजवायचे आणि कोणते मोकळे ठेवायचे हे तिला कळत नाही. अडल्या वेळी मुक्कामाला पोहोचण्यापुरता तो इलाज ठीक, त्यानंतर सगळे पाणी काढून रेडिएटर धुवावाच लागतो.

हिशेब असा: हीटरची झाळ आणि सफाई ३५० रुपये, दोन नवे पाइप आणि चार क्लिपा ४८०, नवे कूलंट १,९००, हातपंपाचे भाडे ५०. एकूण २,७८० रुपये. काकांनी चहाशिवाय काही घेतले नाही. पाणी भरताना त्यांनी हीटरचा कॉक उघडा ठेवला, हळूहळू भरले, झाकण उघडे ठेवूनच थंड इंजिन सुरू केले आणि बुडबुडे थांबेपर्यंत भर घातली. पाइपात हवा अडकली तर पाणी पुरेसे असूनही गाडी तापते.

घरच्यांनी हे विसरू नये

पाणी काढताना एक प्रसंग घडला, तो सांगितल्याशिवाय आम्हाला लेख संपवता येत नाही. जुने कूलंट घमेल्यात काढून ठेवले होते. शेजारचे तीन वर्षांचे पोर तिथे आले आणि हिरव्या पाण्यात हात घालून बोट तोंडाकडे नेऊ लागले. काका एवढ्या मोठ्याने ओरडले की पोर दचकून रडायला लागले. मग कळले की हे पाणी विषारी असते. ग्लायकॉल चवीला गोड, म्हणून मुले आणि कुत्री ते पितात, आणि थोडेसे पोटात गेले तरी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. आधी झिंग आल्यासारखे होते, उलट्या होतात, नंतर मूत्रपिंडे निकामी होतात. पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता, घरी उलटी करवत न बसता, कूलंटचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. आपल्या ड्रायव्हर-क्लीनरना तोंडाने नळी ओढून पाणी काढायची सवय असते, ती सोडावी. काढलेले कूलंट झाकणाच्या डब्यात ठेवावे, अंगणात किंवा गटारात ओतू नये. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरू नये.

दुसरी गोष्ट गरम रेडिएटरच्या झाकणाची. घरातला कुकर आठवा. दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळत नाही, कुकरमध्ये ते सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. रेडिएटरचे झाकणही तसाच दाब धरते. वाफ असताना कुकरचे झाकण आपण उघडत नाही, मग तापलेल्या गाडीचे झाकण ओले फडके टाकून उघडण्याचे धाडस कशाला? दाब सुटला की आतले पाणी एकदम उकळून तोंडावर येते. इंजिनाला हात लावता येईल इतके निवेपर्यंत थांबावे. भाड्याला उशीर झाला तरी चालेल. भाजलेला चेहरा परत मिळत नाही.

तिसरी गोष्ट थंड मुलखात जाणाऱ्यांसाठी. पाणी गोठले की सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनाचे ओतीव लोखंडही फोडते. निम्मे कूलंट असेल तर उणे पस्तीस अंशांपर्यंत धास्ती नाही. पण गळणाऱ्या गाडीत आपण वाटेत साधे पाणी घालत जातो आणि कूलंट पातळ होत जाते. दादांच्या गाडीत परतीच्या वाटेवर नुसते पाणीच उरत चालले होते. आणखी दोन रात्री वर मुक्काम पडता तर खरोखरच हेडचे काम निघाले असते.

पुतणी २०१३ च्या जूनमध्ये नर्सिंगला गेली. तिची फी त्याच पैशांतून भरली. तो ट्रक दादांनी २०१९ साली विकला, आता ते दुसऱ्याच्या गाडीवर आहेत. पण ती वही सोबत असते. दर सोमवारी सकाळी, गाडी थंड असताना, पाणी पाहून आकडा लिहायचा. एवढेच काम. पहिली आठ पाने पुतणीच्या अक्षरात आहेत, पुढची दादांच्या.

ज्यांच्या घरी गाडी आहे त्या माता-भगिनींना आमची एवढीच विनंती, की केबिन झाडताना मॅटला हात लावून पाहा. ओले लागले, चिकट लागले, गोड वास आला, तर गप्प बसू नका. आणि ड्रायव्हर बंधूंनो, मिस्त्रीने मोठा खर्च सांगितला तर 'हो' म्हणण्यापूर्वी एकच प्रश्न नम्रपणे विचारा: "पाणी तिथेच जातंय हे मला दाखवता का?" ज्याला आपले काम येते तो मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही.